दुसऱ्या शनिवारची चांदमारी

स्प्रिंगफील्ड, मिझुरी
१४ फेब्रुवारी १९९९

प्रिय डॅडी यांस,
मोनाचा सा. न. वि. वि.

लाकडाच्या गिरणीने तुमचे कान नेले तेव्हापासून फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की शेजारीण भिंत ठोकते. म्हणून हे पत्र. आधीच सांगते, मी धडधाकट आहे. मागच्या आठवड्यात आमच्या औषधांच्या दुकानावर दरोडा पडला. बंद करायची वेळ, मी एकटीच. टोपी खाली ओढलेला एक माणूस आत आला, पिस्तूल दाखवलं आणि झोपेच्या गोळ्यांचं कपाट उघडायला लावलं. जाताना चक्क थँक यू म्हणून गेला. त्या थँक यूची मला पिस्तुलापेक्षा जास्त भीती बसली आहे. पोलीस म्हणाले, बाई, तुम्ही अगदी योग्य वागलात. मी काही वागलेच नव्हते हो, नुसती खांबासारखी उभी होते.

तर मी एक पिस्तूल विकत घेतलं आहे. दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवंय? मी म्हटलं, घरात एक असावं. जसं काही छत्रीच घ्यायला गेले होते. आता ते खणात मोज्यांखाली आहे आणि मला चोरापेक्षा त्या खणाचीच धास्ती वाटते. एवढ्या थंडीत मी उन्हाळी मोजे घालून हिंडते आहे, कारण ते दुसऱ्या खणात असतात.

तुमचा तो क्लब अजून चालू आहे का? आई म्हणायची ना, म्हातारी पोरं चोर-पोलीस खेळायला गेली. एक्केचाळीस वर्षांच्या, काहीही न येणाऱ्या बाईला तिथे घेतील का? हसू नका.

बाकी ठीक. मांजर मजेत आहे. लोभ आहे तसा असू द्या आणि उत्तर लवकर धाडा.

तुमची,
मोना

◆

सिडर फोर्क
१९ फेब्रुवारी

चि. मोनास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आधी हसलो नाही. मोज्यांपाशी हसलो.

खणातलं पिस्तूल फक्त चोराच्या उपयोगाचं. ते वापरायला शीक, नाहीतर परत कर. मधलं काही नाही. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी चांदमारी आहे. शुक्रवारीच मुक्कामाला ये. सकाळी नाश्त्याला मऊ, गरम बिस्किटं आणि वर ओतायला ग्रेव्ही मी करीन. तुझ्या आईसारखी होत नाही, पण अजून कुणी मेलेलं नाही.

खेळ असा. आमचा लॉनी व्हिटसेट दर वेळी चार-पाच प्रसंग रचतो. तू बँकेच्या दारात आहेस, किंवा गाडीत बसली आहेस, आणि समोर पुठ्ठ्याची माणसं. काही वाईट. काहींच्या छातीवर उघडे हात रंगवलेले, ते बिचारे वाटसरू. पिस्तूल जाकिटाखाली झाकलेलं. वेळ मोजायचं यंत्र वाजलं की काढायचं आणि आडोशामागूनच मारायचं. जो वेळ लागेल तो तुझा, आणि नेम जेवढा चुकेल तेवढे सेकंद वर चढतात. वाटसरूला लागली तर बरेच चढतात. ज्याचा वेळ कमी, तो वरचढ.

येताना जाड पट्टा आण, नटव्या बायकांचा नको. चष्मा, कानाला मफ, आणि बंद गळ्याचा शर्ट. उडालेल्या गोळीचं गरम टरफल गळ्यातून आत गेलं तर नाचायचं नाही. हातात भरलेलं पिस्तूल असतं.

आणि एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेव. नळी माणसाकडे वळली की त्या दिवसापुरतं घरी. कोण, कुणाचा, किती वर्षांचा, काही बघत नाहीत.

ये. वाट पाहतो. तुझ्यावर जीव असलेला,
तुझा बाप

◆

स्प्रिंगफील्ड
१६ मार्च १९९९

प्रिय डॅडी यांस,
सा. न. वि. वि.

दंड अजून दुखतात, पण पत्र लिहिण्याइतके बरे आहेत. शेवटून पहिला नंबर! तुम्ही लॉनीला म्हणालात ना, कुणीतरी शेवटचं असावंच लागतं, आमच्या घराने ती सेवा पत्करली आहे? मी ऐकलं बरं. आपले कान गेले म्हणजे सगळ्यांचेच गेले, असं तुम्हाला वाटतं.

त्या जेवणाच्या टेबलाच्या प्रसंगात मी वाटसरूच्या अगदी कपाळात मारली. लॉनीची सून टीना गुण लिहीत होती. ती म्हणाली, ताई, त्याने तुमच्या ताटातलं काही उचललं होतं का? सगळे हसले आणि मीही हसले. दरोड्यानंतर मी अशी हसलेच नव्हते. पहिल्यांदा यंत्र वाजलं तेव्हा मी जाकिटाशी अशी झटापट केली की ते वरच होईना. तुम्ही मागून म्हणालात, घाई कुणाला आहे, मोना? पुठ्ठा कुठे पळून जात नाही. मग जाकीट वर झालं.

घरी आल्यावर पिस्तूल मोज्यांखालून काढलं, साफ केलं आणि कुलपाच्या पेटीत ठेवलं. जाड मोजे घातले. दरोड्यापासून दुकान बंद करताना सोबतीला एक मुलगा थांबतो, आता तो थांबला नाही तरी चालेल, असं मालकांना सांगितलं आहे. खरं तर अजून थोडं चालत नाही. पण सांगितलं.

एप्रिलमध्ये येते. या बाजूने नमस्कार आणि मांजराचं गुरगुरणं स्वीकारावं.

मोना

◆

सिडर फोर्क
२० जून

चि. मोनास,
अ. उ. आ.

या वेळी दोन नंबर वर आलीस. जास्त फुगू नकोस, त्यातला एक जण आजारी होता.

तुझं चुकतं कुठे, तर गोळी सुटायच्या आधीच तू ती कुठे लागली ते बघायला जातेस. नळीच्या टोकावरचा नेमाचा काटा बघ. बाकीचं जग धूसर दिसलं तरी चालेल. घरात रिकाम्या पिस्तुलावर रोज थोडा सराव कर. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेव आणि दोनदा तपास. काट्यावर एक नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर दाबायचा. तुझी आई म्हणायची, हा माणूस नाण्याकडे इतका बघतो, माझ्याकडे कधी बघत नाही.

लॉनी हल्ली फार शहाणा झाला आहे. परवा म्हणे, डेलमार, पळताना बोट ट्रिगरवरून काढत जा. मी म्हटलं, बाळा, तू रांगत होतास तेव्हापासून हे बोट माझ्याच हाताला आहे.

टोमॅटो लागले आहेत. येशील तेव्हा ने. दुसरा शनिवार जवळ आला की मी आधीच्या सोमवारपासूनच माणसांत येतो, असं तुझी नेवा आत्या म्हणते. तिला काही कळत नाही.

आशीर्वाद आहेतच, मागायला नकोत.
तुझा बाप

◆

स्प्रिंगफील्ड
१४ सप्टेंबर १९९९

प्रिय डॅडी यांस,
सा. न. वि. वि.

सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा पास झाले! दोन दिवस लॉनीने डोकं खाल्लं. आता मी नेमबाजाच्या खांद्याशी उभी राहून हुकूम देऊ शकते, यंत्र वाजवू शकते आणि वेळ आलीच तर थांबवू शकते. तुम्ही त्या पेट्रोल पंपावरच्या अनोळखी माणसालाही सांगितलंत म्हणे, माझी मुलगी आता मलाही हुकूम सोडणार. तो बिचारा फक्त पेट्रोल भरत होता.

आता एक बोलू का? रागावणार नसाल तर. शनिवारी तिसऱ्या प्रसंगात लॉनीने थांबा म्हटलं आणि तुम्ही आणखी दोन गोळ्या मारल्या. तो म्हणतो, ऐकू आलं नसेल, म्हणून सोडून दिलं. तुम्हाला सुरुवातही खांद्यावर थाप मारूनच देतात, ते ठीक आहे. पण थांबवताना थाप मारायला वेळ नसतो, डॅडी. आणि पिस्तुलातलं गोळ्यांचं मॅगझीन बदलताना तुमची उजवी बोटं अडखळताना मी पाहिली. डॉक्टरांना दाखवाल का? कानाचं यंत्रही बघू या. मी सुट्टी काढून येते. नाही म्हणायच्या आधी एक रात्र जाऊ द्या.

राग आला तर पत्रात लिहा, मनात ठेवू नका. लोभ हवाच.

मोना

◆

सिडर फोर्क
२१ सप्टेंबर

चि. मोनास,
अ. उ. आ.

एक रात्र जाऊ दिली. नाही.

बोटं सकाळच्या गारठ्याने आखडतात. ऊन आलं की बरी होतात. कानात ते शेंगदाणे खुपसून बसायची मला हौस नाही. तू माझी काळजी करतेस ते बरं वाटलं, पण आता हा विषय मिटला.

ऑक्टोबरात आमच्या तुकडीला अधिकारी म्हणून तूच उभी राहा. मी लॉनीला सांगून ठेवलं आहे. इतकी वर्षं माझ्या खांद्यावर दुसऱ्यांच्या पोरांनी थापा मारल्या. एकदा माझ्या पोरीची पडू दे.

नवीन टोपी घेतली आहे. बघशीलच.
तुझा बाप

◆

स्प्रिंगफील्ड
११ ऑक्टोबर १९९९

प्रिय डॅडी यांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी तुम्ही न बोलता निघून गेलात. मी दोनदा घरी आले. दार आतून बंद होतं आणि स्वयंपाकघरात दिवा होता. म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला नेमकं काय झालं ते कळलं की नाही, मला माहीत नाही. दुकानातून मागे सरकत दारापर्यंत यायचा तो प्रसंग. तुम्ही छान सरकत होतात. मग हातातलं मॅगझीन सुटून मागे पडलं आणि ते उचलायला तुम्ही पूर्ण वळलात. पिस्तूल कमरेपाशी, बोट ट्रिगरवर. मागे मी होते, टीना गुणांची पाटी धरून उभी होती, सगळी तुकडी होती. मी थांबा म्हणून ओरडले. तुम्ही खालीच बघत होतात. पुन्हा ओरडले, आणि मग तुमचं मनगट धरून पिस्तूल गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे ढकललं. दुखलं असेल. माझ्या हातालाही लागलं.

त्यानंतरचं तुम्हाला आठवतं. लॉनी पुढे आला आणि म्हणाला, जाऊ दे मोना, ताकीद देऊन सोडू, डेलमारच आहे. सगळे माना हलवत होते. मी नाही म्हटलं. तुम्ही बाद आहात असं सांगितलं. तुम्ही कानाला हात लावून पुढे वाकलात, कारण ऐकू आलं नव्हतं. म्हणून मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. तुमच्यासाठी चढवलेला तो आवाज साऱ्या मैदानाने ऐकला. पलीकडच्या तुकडीने नेमबाजी थांबवून मान वळवली.

तुम्ही पिस्तूल रिकामं करून दाखवलंत, अगदी नियमाप्रमाणे, बॅग भरलीत आणि नवी टोपी काढून बॅगेत घातलीत. ती टोपी काढलेली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

निर्णयाची मी माफी मागणार नाही. तुम्हीच मला शिकवलंत की कोण, कुणाचा, ते बघायचं नाही. पण तुमच्या कानाशी येऊन, हळू, दोन शब्दांत सांगता आलं असतं. मला सुचलं नाही. त्याचं फार वाईट वाटतं.

बाद केलं ते एका दिवसापुरतं. नोव्हेंबरात या. चार ओळी तरी लिहा.

तुमची,
मोना

◆

स्प्रिंगफील्ड
२८ नोव्हेंबर १९९९

प्रिय डॅडी यांस,
सा. न. वि. वि.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार गेला. तुम्ही आला नाहीत. मी अर्धा दिवस थांबले, पिस्तूल बाहेरही काढलं नाही आणि परत आले. टीनाने तुमच्यासाठी पेकन घालून गोड पाय भाजला होता, तो नेवा आत्याकडे ठेवला आहे.

डिसेंबरात जायचं की नाही, कळत नाही. तुमच्याशिवाय ते मैदान म्हणजे नुसता चिखल आणि पुठ्ठे.

थँक्सगिव्हिंगला मी येऊ का असं विचारलं होतं. तुमचं हो आलं नाही. नाहीही आलं नाही. मी मांजराबरोबर टर्की खाल्ली.

जमेल तेव्हा लिहा. मी वाट बघते.
मोना

◆

सिडर फोर्क
१२ डिसेंबर १९९९

चि. मोनास,
नेवा आत्याचे अ. उ. आ.

तू आणि तुझा बाप एकाच मातीचे. एक दार लावून बसतो, दुसरी तिकडे बसून वाट बघते. मधल्या मधे टीनाचा तो पेकनचा गोड पाय माझ्याकडे आला आणि मी तो खाल्ला. छान होता.

आता ऐक. तुला वाटतं तो तुझ्यावर रागावला आहे. मलाही तसंच वाटलं होतं. मागच्या रविवारी मी त्याच्यासाठी बीन्स आणि कॉर्नब्रेड घेऊन गेले आणि त्याला चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, डेलमार, लाज नाही वाटत, पोरीने तुझा जीव वाचवला नसेल पण तुझी अब्रू तरी वाचवली. त्याने ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, नेवा, नळी पोरीच्या पोटावर होती. तिने हात धरला तेव्हा मला कळलं. बोट कुठे होतं तेही मला माहीत नव्हतं. त्या बोटाला उन्हाळ्यापासून काही जाणवत नाही.

मी विचारलं, मग हे तू तिला का सांगत नाहीस? तर म्हणतो, कोणत्या तोंडाने सांगू? तिने सप्टेंबरात विचारलं होतं आणि मी विषय मिटवला. ती यायला लागली नसती तर मी उन्हाळ्यातच सोडलं असतं. आणि मी सोडलं असतं तर ती कशाला आली असती?

एवढं बोलून पिस्तूल माझ्या हवाली केलं. ते आता माझ्या फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसाखाली आहे, गोळ्या तळघरात. डॉक्टरांकडेही नेलं. मानेतली नस दबली आहे. ऑपरेशन करता येईल, बोट परत येईलच असं नाही, म्हणाले. तो नको म्हणाला.

तू चांदमारी सोडू नकोस. तू सोडलीस तर ते ओझंही तो स्वतःच्याच डोक्यावर घेईल. आणि ही गोष्ट मी तुला सांगितली हे त्याला कळू देऊ नकोस, नाहीतर माझंही दार बंद होईल.

नाताळला ये. रस्त्यावर बर्फ असेल तर येऊ नकोस. आशीर्वाद दोन्ही परींनी आहेत.

तुझी,
नेवा आत्या

◆

स्प्रिंगफील्ड
३ जानेवारी २०००

प्रिय डॅडी यांस,
सा. न. वि. वि.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. नाताळला येऊन गेले, बरं वाटलं. तुम्ही कोंबड्यांचं सांगितलंत, मी दुकानाचं सांगितलं, मग दोघांनी मिळून खिडकीतून बर्फ बघितला. निघताना मला काहीतरी बोलायचं होतं, आणि तुम्हालाही असावं. तुम्ही माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत बसलात. काच केव्हाच साफ झाली होती.

या महिन्यापासून पुन्हा दुसऱ्या शनिवारी जाणार आहे. तुम्हाला चालेल ना? चालत नसेल तर कळवा.

लोभ असाच, न बोलता का होईना, राहू द्या.
मोना

◆

सिडर फोर्क
१० एप्रिल २०००

चि. मोनास,
अ. उ. आ.

तीन महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. चालेल. जात जा.

शनिवारी मी आलो होतो. तुला सांगणार नव्हतो. कुंपणाबाहेर जुन्या गोठ्यापाशी ट्रक उभा केला. ओकना अजून पानं नाहीत, त्यामुळे सगळं दिसतं. तू पिंपाआड गुडघा टेकून बसलीस. चांगली बसलीस. डावीकडचा पुठ्ठा आधी घ्यायला हवा होता, पण ते असो. नेमकी घाई कुठे करायची नाही ते तुला आता कळतं. मी शिकवलं म्हणून नाही म्हणत. दिसलं ते लिहितो.

तू टोपी काढून घाम पुसलास तेव्हा मी ट्रकचं दार उघडलं. एक पाय खाली ठेवला. तुझ्यापाशी येऊन काय म्हणायचं तेही ठरवलं होतं. ते इथे लिहिता येत नाही. तेवढ्यात लॉनीने माझ्या बाजूला मान वळवली. मला वाटलं, आता सगळेच वळतील. पाय आत घेतला आणि घरी आलो.

परवापासून तेच डोक्यात आहे. उतरायला हवं होतं.

नेवाने तुला सगळं सांगितलं आहे हे मला ठाऊक आहे. तिच्या पोटात कधी काही राहिलं आहे?

तब्येत सांभाळ. आशीर्वाद.
तुझा बाप

◆

स्प्रिंगफील्ड
१४ एप्रिल २०००

प्रिय डॅडी यांस,
सा. न. वि. वि.

मी ट्रक पाहिला होता.

तुम्ही आलात तेव्हाच पाहिला. पिंपाआड बसले तेव्हा तुम्ही बघताय हे मला ठाऊक होतं, आणि डावीकडचा पुठ्ठा त्यामुळेच आधी घ्यायचा राहिला. दार उघडलेलं दिसलं, खाली टेकलेला तुमचा बूटही दिसला. लॉनीने मला विचारलं, डेलमारच ना तो? बोलावू का? मीच त्याला म्हटलं, नको, बघू नकोस तिकडे. मला वाटलं, आम्ही पाहिलं हे कळलं तर तुम्हाला आवडणार नाही, मी चार पावलं आले तर तुम्ही गाडी सुरू कराल. ऑक्टोबरात मी सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून या वेळी गप्प राहायचं ठरवलं. तुमच्याकडे पाठ फिरवून मॅगझीन भरत बसले. भरलेलंच होतं. गोळ्या काढल्या आणि पुन्हा भरल्या, तुम्हाला यायला वेळ मिळावा म्हणून. वळून बघितलं तेव्हा गोठ्यापाशी नुसती धूळ होती.

घरी येईपर्यंत स्वतःची समजूत घालत होते, की हाक मारली असती तरी तुम्हाला कुठे ऐकू येणार होती.

पण हात हलवता आला असता.

जीव तुमच्याकडेच असलेली,
मोना